सर्व्हिसिंग करूनही महागडं घड्याळ पुन्हा पुन्हा वेळ का चुकवतं?

ओळखीच्या मंडळींकडून एक तक्रार सतत येते. ऑटोमॅटिक, म्हणजे बॅटरीशिवाय हाताच्या हालचालीवर चालणारं घड्याळ घेतलं, लाखभर किंवा त्याहून जास्त पैसे मोजले, आणि ते रोज पुढे पळतंय. सर्व्हिस सेंटरला दिलं, ठीक होऊन आलं, आणि काही आठवड्यांत पुन्हा तेच. मग पुन्हा सेंटर, पुन्हा आठवडे थांबणं, पुन्हा बिल. शेवटी घड्याळ कपाटात जातं आणि ‘यापेक्षा साधं बॅटरीचं बरं होतं’ असं म्हणून विषय संपतो.

मला याचं फार वाईट वाटतं. कारण ज्या घड्याळाची तक्रार पुन्हा पुन्हा येते, त्याचं कारण बहुतेक वेळा घड्याळाच्या आत नसतं. ते घरात असतं, टेबलावर असतं, रात्री घड्याळ ज्या जागी ठेवता तिथे असतं. ते कारण सापडेपर्यंत कितीही वेळा मागचं झाकण उघडलं तरी उपयोग नाही, उलट प्रत्येक वेळी उघडताना धूळ जाण्याची आणि झाकणावर ओरखडे पडण्याची जोखीम असते. म्हणून दुकानात जाण्याआधी घरीच काय तपासायचं, ते सविस्तर लिहितो.

आधी मोजा, मग तक्रार करा

‘पुढे जातं’ याला काही अर्थ नाही. किती पुढे, आणि रोज तेवढंच का, हे कळलं पाहिजे. सकाळी ठरावीक वेळी फोनवरच्या वेळेशी सेकंद काटा जुळवा. बहुतेक नव्या घड्याळांत चावी (बाजूचं फिरवायचं बोंड) पूर्ण बाहेर ओढली की सेकंद काटा थांबतो. तो बारावर असताना ओढा आणि फोनवर मिनिट पालटताच दाबा. मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फरक बघा आणि लिहून ठेवा. आठवडाभर हे करा. मधे वेळ पुन्हा जुळवू नका.

दिवसात ८६,४०० सेकंद असतात. घड्याळ रोज ८ सेकंद पुढे गेलं, तर चूक एका टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था घड्याळाच्या आतल्या यंत्राला ‘क्रोनोमीटर’चा, म्हणजे अचूकतेचा, दाखला देते तेव्हा १५ दिवस, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि तीन तापमानांत तपासते, आणि तिथेही दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट असते. रोलेक्स स्वतःसाठी दोन्हीकडे २ सेकंदांची मर्यादा ठेवते. ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर घड्याळं शून्य ते ५ सेकंद पुढे या पट्ट्यात असतात. दुसऱ्या टोकाला सेइकोचं एनएच३५ हे लोकप्रिय यंत्र घ्या. त्याची कंपनीनेच दिलेली मर्यादा २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे अशी आहे. म्हणजे त्या यंत्राचं घड्याळ रोज १५ सेकंद पुढे जात असेल तर ते निरोगी आहे. तेच क्रोनोमीटरने केलं तर मात्र चौकशी करायला हवी.

आठवड्याचे आकडे समोर आले की सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसते. रोज १२, १३, ११, १२ असं येत असेल तर यंत्र उत्तम आहे, फक्त त्याचा वेग जरा कमी करून घ्यायचा आहे. कसलेला घड्याळजी ते थोड्या वेळात करतो, त्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंग लागत नाही. पण आकडे ५, मग उणे २०, मग ४५ असे उड्या मारत असतील तर खरोखर काहीतरी बिघडलंय. सेंटरला घड्याळ देताना हा कागद सोबत द्या. ‘पुढे जातं’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा आकडे आणणाऱ्याचं काम वेगळ्या काळजीने होतं, हे मी पाहिलेलं आहे.

अचानक मिनिटांनी पुढे पळू लागलं: चुंबक

परवापर्यंत ५ सेकंद पुढे जाणारं घड्याळ अचानक रोज दीड-दोन मिनिटं पुढे जाऊ लागलं, तर पहिला संशय चुंबकाचा. सर्व्हिसिंगनंतर काही दिवसांनी पुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारींत मला सगळ्यात जास्त वेळा हाच सापडला आहे.

होतं असं. घड्याळाचा वेग ठरतो तो बॅलन्स व्हील, म्हणजे मागे-पुढे झोके घेणारं चाक, आणि त्यावरच्या हेअरस्प्रिंगने. ही केसासारखी बारीक, गोल गुंडाळलेली कमान आकुंचन पावते आणि उलगडते; आजच्या बऱ्याच स्विस यंत्रांत तासाला २८,८०० ठोके, म्हणजे सेकंदाला ८. कमानीला चुंबकत्व आलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. मग कमानीची कामाला येणारी लांबी कमी होते आणि झोके पटपट पडतात, जसा झोपाळ्याच्या कड्या आखूड केल्यावर पडतो तसा. घड्याळ पळायला लागतं. तुटलेलं किंवा झिजलेलं काहीच नसतं.

एका मित्राचं घड्याळ दोनदा सेंटरला जाऊन आलं. दोन्ही वेळा तिथे चुंबकत्व काढून, वेळ तपासून परत दिलं, पण घरी चुंबक कुठून येतोय हे कोणी विचारलं नाही. त्याच्या घरी गेलो तेव्हा पलंगाशेजारच्या टेबलावर ब्लूटूथ स्पीकर होता आणि घड्याळ रोज रात्री त्या स्पीकरच्या डोक्यावर ठेवलं जात होतं. स्पीकरमध्ये जबरदस्त चुंबक असतो. जागा बदलली, चुंबकत्व काढलं, त्यानंतर तक्रार नाही.

तुमच्या घरी शोधायची ठिकाणं: स्पीकर, फोनचं पाठीला चिकटणारं चार्जर आणि त्याचं कव्हर, टॅब्लेटचं झडप लागणारं कव्हर, लॅपटॉपच्या झाकणाच्या कडा, पर्सचं चुंबकी बटण, फ्रिजच्या दारावरचे शोपीस, इंडक्शन शेगडी. आणि घड्याळाची पेटी! चुंबकी झाकणाच्या ट्रॅव्हल केस बाजारात सर्रास मिळतात. त्यात घड्याळ ठेवू नका. अंतर मात्र आपल्या बाजूने असतं. चुंबकापासून वीतभर लांब ठेवलं तरी त्याचा जोर खूप उतरतो. नेहमीच्या ‘चुंबकरोधी’ घड्याळासाठीची आयएसओ ७६४ या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा साधारण ६० गॉस (चुंबकाचा जोर मोजायचं एकक) आहे, आणि फोनच्या कव्हरमधला छोटा चुंबकसुद्धा अगदी चिकटवून धरला तर त्याच्या पलीकडे सहज जातो. मास्टर क्रोनोमीटर घड्याळं १५,००० गॉस सोसतात, कारण त्यांची हेअरस्प्रिंग सिलिकॉनची असते आणि सिलिकॉनवर चुंबकाचा परिणामच होत नाही.

तपासायचं कसं? शाळेच्या कंपासपेटीत मिळतं तसं काट्याचं होकायंत्र घ्या. फोनमधलं अॅप नको; फोनमध्ये स्वतःचेच चुंबक असतात. टेबलावर होकायंत्र ठेवून घड्याळ हळूहळू त्याच्याभोवती फिरवा. आत पोलाद असल्यामुळे काटा घड्याळाकडे थोडा ओढला जाणारच, त्यावरून घाबरू नका. पण घड्याळाच्या एका बाजूकडे काट्याचं टोक ओढलं जातंय आणि दुसऱ्या बाजूने तेच टोक दूर ढकललं जातंय, असं दिसलं तर शंका नको. साधं पोलाद काट्याला कधी ढकलत नाही, फक्त चुंबक ढकलतो.

उपाय स्वस्त आहे. घड्याळजी वापरतात ती चुंबकत्व काढणारी छोटी निळी डीमॅग्नेटायझरची पेटी ऑनलाइन काही शे रुपयांत मिळते. ती वापरताना एक चूक सगळे करतात: बटण दाबतात, सोडतात आणि मग घड्याळ उचलतात. यामुळे चुंबकत्व राहू शकतं, वाढूही शकतं. घड्याळ पेटीवर धरायचं, बटण दाबायचं, दाबलेलंच ठेवून घड्याळ सरळ वर, हळूहळू, हातभर अंतरापर्यंत न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. काही सेकंदांचं काम आहे. जास्त वेळ दाबलं तर आतलं वेटोळं तापतं. पुन्हा होकायंत्र लावून बघा. स्मार्टवॉच या पेटीजवळ आणू नका. आणि ज्यांना ही खटपट नको, त्यांनी घड्याळजीकडे जाऊन ‘फक्त डीमॅग्नेटाइज करून द्या’ म्हणावं. झाकण उघडावं लागत नाही.

चुंबक काढूनही मिनिटांचा फरक तसाच असेल आणि त्याआधी घड्याळ पडलं किंवा दारावर जोरात आपटलं असेल, तर हेअरस्प्रिंगचा वेढा कुठेतरी अडकला असण्याची शक्यता असते. तिथे घरगुती उपाय नाही. चांगल्या हाताकडेच द्या.

मागे पडतं किंवा थांबतं: पोटभर चावी नाही

ऑटोमॅटिक म्हणजे चावी द्यावी लागत नाही, असं दुकानात सांगतात आणि ते अर्धंच खरं असतं. आतला अर्धगोल रोटर हात हलला की फिरतो आणि स्प्रिंग भरतो. पण दिवसभर टेबलाशी बसून कीबोर्डवर बोटं चालवणाऱ्याचा हात हलतो किती? घरून काम सुरू झाल्यापासून ही तक्रार फार वाढली आहे. स्प्रिंग अर्धवट भरलेली असते, बॅलन्सचा झोका लहान होतो, वेग बिघडतो, आणि रात्री काढून ठेवलेलं घड्याळ पहाटे थांबतं.

त्यामुळे हाताने चावी देता येत असेल तर आधी ३० ते ४० वेढे देऊन पुन्हा आठवडाभर मोजा. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंग भरली की ती आतल्या आत घसरते, जास्त चावी देऊन तुटत नाही. फक्त हाताच्या चावीचं घड्याळ, उदाहरणार्थ एचएमटी जनता, मात्र अडलं की थांबायचं, जोर लावायचा नाही. आणि सेइकोच्या जुन्या ७एस२६ सारख्या यंत्रांना हाताने चावी देताच येत नाही, ती हातात धरून हळुवार गोल फिरवूनच चालू करायची.

थांबण्याची वेळसुद्धा बरंच सांगते. रोज मध्यरात्रीच्या आसपासच थांबत असेल तर तारीख बदलण्याचं ओझं यंत्राला पेलवत नाहीये: एकतर चावी कमी, नाहीतर तेल वाळलंय. काटे दर वेळी एकमेकांवर आल्यावरच थांबत असेल तर काटे घासतायत. तारीख भर दुपारी बदलत असेल तर काहीच बिघडलेलं नाही, फक्त काटे बारा तास पुढे करा. आणि तारीख पटकन बदलायची असेल तेव्हा रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत चावीने ती बदलू नका. त्या तासांत तारखेच्या चाकाचे दाते गुंतलेले असतात. आधी काटे सकाळच्या सहाच्या आसपास आणा, मग तारीख लावा. एवढ्या एका सवयीने पुढचा मोठा खर्च टळतो.

काही सेकंदांचाच फरक असेल तर रात्री ठेवायची बाजू बदलून बघा. गुरुत्वामुळे प्रत्येक स्थितीत वेग थोडा वेगळा असतो. काही रात्री काच वर करून ठेवा, काही रात्री चावी वरच्या बाजूला येईल असं उभं. दिवसा पुढे गेलेले सेकंद रात्री मागे येतील अशी स्थिती सापडली की पैसे न घालवता घड्याळ जुळतं.

पावसाळ्यात काचेच्या आत वाफ

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथली ही जूनपासूनची खास तक्रार. बाहेरच्या दमट हवेतून एसीत शिरलं की काचेला आतून धुकं धरतं, दहा मिनिटांत जातं, आणि माणूस म्हणतो ‘गेलं, ठीक आहे’. ठीक नाहीये. वाफ आतून दिसली याचा अर्थ रबराच्या सीलमधून ओल आत गेली आहे. ती आता तिथेच राहणार आणि बारीक पोलादी भागांना गंज चढवणार.

पक्कं करायचं असेल तर घड्याळ कोमट जागी काही मिनिटं ठेवा, फार गरम नको, आणि काचेवर गार पाण्याचा एक थेंब सोडा. मिनिटभराने थेंब पुसा. त्या जागी आतून धुक्याचा ठिपका उमटला तर आत ओल आहे. घड्याळजीही हीच चाचणी करतात. तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरून ठेवल्याने सील दुरुस्त होत नाही. उघडून, वाळवून, सील बदलून, दाबाची चाचणी करून घ्या. समुद्राचं पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी न्या. मीठ थांबत नाही.

डायलवर ‘३० मीटर’ लिहिलेलं असतं ते हात धुणं आणि पावसाचे शिंतोडे एवढ्यापुरतंच समजा. पोहायचं असेल तर १०० मीटर हवं, तेही सील ताजे असताना. आंघोळीचं कढत पाणी आणि साबण रबराचं आयुष्य खातात. स्क्रूची चावी असेल तर वेळ लावल्यावर ती पूर्ण आवळली का बघा. ‘आपोआप’ पाणी शिरलेल्या बऱ्याच घड्याळांची चावी फक्त सैल असते.

पट्ट्याच्या टोकांना धरणाऱ्या स्प्रिंगच्या बारीक सळ्या पावसाळ्यात आणि घामाने गंजतात. लाखांचं घड्याळ मनगटावर टिकतं ते या काही रुपयांच्या दोन सळ्यांवर. लोकलच्या गर्दीत सळी तुटली तर घड्याळ गेलंच. दर पावसाळ्याआधी त्या बदला, आणि चामड्याचा पट्टा काढून चार महिने रबर किंवा नायलॉनचा घाला.

द्यायचंच झालं तर

रोलेक्स साधारण १० वर्षांनी आणि ओमेगा ५ ते ८ वर्षांनी पूर्ण सर्व्हिसिंग सुचवते. वेळ स्थिर असेल आणि चावी पूर्ण टिकत असेल तर केवळ कॅलेंडर बघून घाई करू नये, असं माझं मत. पण ठरलेला अवधी उलटून गेल्यावर, झोका खाली आलेला असताना वापरत राहणंही वाईट; सुकलेल्या तेलावर चाकांच्या टोकांची झीज होते. घड्याळजीकडच्या टाइमग्राफर यंत्रावर बॅलन्सचा झोका किती मोठा पडतो ते अंशांत दिसतं. पूर्ण चावीवर, काच वर असताना २७० ते ३१० चांगले. २२० च्या खाली असेल तर द्यायची वेळ झाली.

पावतीवर स्पष्ट लिहून घ्या: केस (घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच) पॉलिश करू नये, आणि बदललेले जुने भाग परत द्यावेत. पॉलिशने घड्याळ चकचकीत होतं, पण केसच्या धारदार कडा कायमच्या गोल होतात आणि पुढे विकताना किंमत पडते. बऱ्याच ठिकाणी न विचारताच पॉलिश करतात.

घड्याळजी की कंपनीचं सेंटर, हा प्रश्न यंत्रावर ठरवा. साध्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यंत्रासाठी चांगला स्थानिक घड्याळजी पुरेसा आहे, आणि त्याला काम दिलं तरच ही कला आपल्या गावात टिकेल. पण मोठ्या स्विस कंपन्या आपल्या खास यंत्रांचे सुटे भाग बाहेर सहजी देत नाहीत, तिथे सेंटरला पर्याय नाही.

मग एवढं करून परवडतं का?

अचूक वेळ हवी असेल तर नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन बाजारात आणलं तेव्हाच तो वाद मिटला. आज साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५ सेकंद चुकतं, तेवढं चांगलं ऑटोमॅटिक काही दिवसांत चुकतं.

गुंतवणूक म्हणूनही नाही. काही मोजकी मॉडेलं सोडली तर दुकानाबाहेर पडताच किंमत उतरते, आणि त्या मोजक्यांचेही जुन्या बाजारातले भाव २०२२ च्या सुरुवातीला शिखरावर जाऊन घसरले. त्या वेळी चढ्या भावात घेतलेल्यांनी नुकसान सोसलं आहे.

मला ते परवडतं, कारण केसाएवढ्या कमानीवर बॅटरीशिवाय वर्षानुवर्षं चालणारी वस्तू रोज मनगटावर असण्याचा मला मनापासून आनंद होतो. या कमानी उष्णतेत वेग बदलू नयेत म्हणून ज्या निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंचा उपयोग झाला, त्यांच्यावरच्या संशोधनासाठी शार्ल एद्वार गियोम यांना १९२० मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या विचाराने तुमचं काहीच हलत नसेल तर हे पैसे दुसरीकडे घाला, अगदी प्रामाणिक सल्ला आहे.

घ्यायचं ठरलंच तर खरेदीच्या आधी सेंटरला फोन करून त्याच मॉडेलच्या पूर्ण सर्व्हिसिंगचा दर विचारा. वीस वर्षांत ते दोन-तीनदा लागणार असं धरून तेवढी रक्कम किमतीत मिळवा. क्रोनोग्राफ, म्हणजे आत स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, असेल तर आकडा बराच मोठा येतो, कारण आत भाग जास्त. १० लाखांवरच्या घड्याळावर एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का टीसीएसही (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा कर) वसूल करतो. तो प्राप्तिकरात वळता होतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच. ही बेरीज बघूनही हात मागे सरकला नाही, तर घ्या.

आणि शंका असेल तर आधी घरातला जुना कप्पा उघडा. आजोबांचं एचएमटी कितीतरी घरांत पडून आहे. बंगळुरूच्या या सरकारी कारखान्याने १९६१ पासून सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने घड्याळं बनवली. कारखाना आता नाही, पण यंत्रं अजून दुरुस्त होतात. साफसफाई आणि तेल करून घ्या, रोज सकाळी चावी द्या, वर सांगितलेली मोजणी करा. वर्षभर हे नेमाने जमलं तरच पुढच्या लाखाचा विचार करा. मात्र घरात नसेल आणि बाजारात घेणार असाल तर ताज्या रंगवलेल्या, भडक डायलच्या ‘नव्यासारख्या’ एचएमटीपासून लांब राहा. अशी घड्याळं बहुधा वेगवेगळ्या भागांची जुळवाजुळव असतात, आणि परदेशी संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात. डाग पडलेलं पण मूळ डायलचं घ्या, आणि घेताना मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा.